मग चहा पिऊन या

योगेशने वायर जोडली, बटण दाबलं आणि पडदा उजळताच माउसवरचा त्याचा हात थांबला.

निळ्या पडद्यावर दुकानाचं नाव होतं. खाली एक ओळ: 'काही अडलं तर फोन करा. अपूर्व.' आणि अपूर्वचा नंबर. बाकी सगळा पडदा कोरा.

"चालू झाला की!" तारा म्हणाली. "घरी बी असंच दिसून राहिलं. पण यांचं काहीच न्हाई त्याच्यात. कुठं गेलं सगळं?"

"पाहू," योगेश म्हणाला आणि समोरच पडलेला पेचकस शोधायला लागला. एरवी तो फाट्यावरचा सगळ्यात बोलका माणूस. वाईट बातमी सांगायची वेळ आली, की मात्र त्याला हमखास काहीतरी सापडेनासं होई.

वारंगा फाट्यावरचं हे दुकान त्याने आणि अपूर्वने मिळून काढलं होतं. अपूर्व पावसाळ्यात गेला. साधी कावीळ म्हणता म्हणता नांदेडच्या दवाखान्यात नेला आणि तिथून परत आलाच नाही. आज त्याची बायको तारा आणि वडील उद्धवराव त्याचा संगणक चादरीत गुंडाळून डोंगरकड्याहून जीपने आले होते. फाट्यापर्यंत तो तान्ह्या लेकरासारखा ताराच्या मांडीवर होता.

"काका, चहा सांगू?"

उद्धवरावांनी मान हलवून नको म्हटलं.

"मामांनी सोडलाय," तारा सासऱ्यांकडे पाहत म्हणाली. "हे दवाखान्यात होते तेव्हाच. पोरगा घरी आला की घेईन, म्हणाले होते."

योगेशने पेचकस उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"फोन भरला की हे त्यातले सगळे फोटो याच्यात टाकायचे, अन् फोन रिकामा करायचे," तारा सांगू लागली. "आमच्या जाईच्या जन्मापासूनचे हायेत. एक व्हिडिओ हाय, तिला पाठीवर घेऊन घोडा घोडा करून राहिले. बाकीचं गेलं तरी चालंल, तेवढा काढा. पोरगी आता विचारती, बाबा हसायचे कसे. काय दाखवू तिला?"

योगेशला नेमकं काय झालं ते कळलं होतं. म्हणूनच ते बोलायला त्याची जीभ रेटेना.

संगणक अडकला, की हट्टा गावासारख्या लांबच्या ठिकाणची माणसं दोन जीपा बदलून यायची, अर्ध्या तासाच्या कामासाठी दिवस घालवायची. अपूर्वला ते पाहवेना. त्याने प्रत्येक यंत्राच्या डिस्कचा एक कोपरा वेगळा काढून त्यात दुकानात करून दिलेली सगळी मांडणी लपवून ठेवायला सुरुवात केली. यंत्र सुरू होताना दोन बटणं दाबली, की ते दुकानातून निघालं तेव्हा होतं तसं, निळ्या पडद्यासकट, व्हायचं. मधे मुख्य ड्राइव्हमध्ये भरलेलं सगळं पुसलं जायचं. म्हणून 'तुमचं सामान दुसऱ्या ड्राइव्हमध्ये ठेवा' असं तो प्रत्येकाला बजावून सांगे. स्वतःचं मात्र सगळं समोरच्या पडद्यावरच पसरलेलं. असा हा शहाणा! योगेशला त्याचा राग आला, आणि मेलेल्या माणसावर रागावून काय करायचं, तेही कळेना.

प्रत्येक यंत्रावर अपूर्वने स्वतःच्या अक्षरातली पट्टी चिकटवली होती. या डब्यावरही ती होती.

'अडकलं? घाबरू नका. चालू करताना F11 दाबा. Y दाबा. मग चहा पिऊन या.'

"वहिनी, याच्यात कोणी काही दाबलं होतं का?"

"न्हाई. मी दिवसभर शाळेत कामावर असती. मंगळवारी संध्याकाळी लावला, तर असा."

उद्धवराव रस्त्यावरच्या ट्रककडे पाहत होते.

योगेशने पुसलेलं शोधून काढणारं सॉफ्टवेअर लावलं. निघणार नाही हे त्याला ठाऊक होतं. जुन्या फिरत्या डिस्कवर पुसलेल्याचा काही माग तरी राहतो. ही नवी, झटपट चालणारी डिस्क होती, गेल्या दिवाळीत त्यानेच बसवलेली. ती पुसलेलं मागे ठेवत नाही. तरी पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली आणि चित्रं दिसू लागली, तशी तारा खुर्चीच्या टोकाला आली.

पहिलं चित्र समुद्राचं होतं. मग बर्फाचा डोंगर. मग कुठल्यातरी परक्या देशातलं फुलांचं शेत. सगळी यंत्रासोबत येणारी, कुणाचीच नसलेली चित्रं.

ताराचा फोन वाजला. शेजारणीकडे ठेवलेली जाई रडत होती. आत आवाज नीट येईना, म्हणून ती बाहेर रस्त्यावर गेली.

"योगेश," उद्धवराव हळूच म्हणाले, "ते मी दाबलं."

योगेशने वळून पाहिलं. गावच्या महादेवाची पूजा वर्षानुवर्षं करणारे ते हात गुडघ्यांवर उघडे पडले होते.

"पोराला पाहावं म्हणून लावला. पडद्यावर नुसते ठिपके फिरून राहिले. मंग ती पट्टी दिसली. त्याचंच अक्षर. म्हणलं, त्यानं सांगून ठेवलंय, तर बराबर तसंच करावं. दोन्ही बटणं दाबली. चहा केला. घेतला बी."

"चहा घेतला, काका?"

"लिहिलं होतं ना त्यानं. एक पायरी गाळली अन् त्याच्यानं बिघडलं तर?" त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "निघंल ना रे काही?"

योगेशने पडद्यावरची हिरवी पट्टी मधेच थांबवली, आणि उद्धवरावांना उत्तर मिळालं.

"तिला सांगू नको. एवढं कर."

तारा आत आली तेव्हा योगेशने सॉफ्टवेअर बंद केलं होतं.

"वहिनी, डिस्कच खराब निघाली. आपोआप कोरी झाली. आमीच बसवली होती ती. आमचीच चूक."

"असं बी होतं?"

"होतं कधी कधी."

ताराने त्याच्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. उद्धवराव उठले, जीप पाहतो म्हणाले आणि बाहेर गेले.

तारा चादर हातात घेऊन उभी राहिली. तिला रडू आलं नाही. चेहरा तेवढा उतरला. योगेशने काहीतरी करायचं म्हणून डब्यावरच्या पट्टीचं टोक नखाने उचकटलं.

"राहू द्या ती."

"पुन्हा कोणी दाबलं तर, वहिनी?"

"आता काय हाय पुसायला?" ती चादर पसरू लागली. "मंगळवारी घरी आले, तर मोरीत चहाचा कप होता. तळाला साखर. आमच्या घरी दिवसा दुसरं कोण हाय चहा घेणारं?"

योगेशचा हात पट्टीवरच राहिला.

"मला वाटलं होतं, तुमी काढून द्याल. काढून दिलं असतं, तर कपाचं कुणाला कळायचं काम नव्हतं." तिने चादरीचं टोक ओढलं. "पण डिस्क खराब म्हणालात, ते बरं केलं."

तिने चादरीला गाठ मारली नाही. चादर तशीच सोडून ती बाहेर गेली.

रस्त्यापलीकडच्या टपरीवरून तिने अर्धा ग्लास चहा घेतला आणि जीपच्या जागी उभ्या उद्धवरावांसमोर धरला. गाड्यांच्या आवाजात ती काय म्हणाली, ते योगेशला ऐकू आलं नाही. उद्धवराव ग्लासकडे पाहत राहिले. मग तिच्याकडे. त्यांचा हात पुढे येईना. ग्लास गरम होता. ताराने तो या हातातून त्या हातात घेतला, पण मागे घेतला नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी तो घेतला. तोंडाला लावण्याआधी त्यांनी एकदा दुकानाकडे पाहिलं.

योगेशने मान हलवून नाही म्हटलं, मी सांगितलं नाही. आणि पट्टीचं सुटलेलं टोक अंगठ्याने दाबून पुन्हा बसवलं.