बातमी कुणाला सांगायची

दवाखान्यातून फोन आला तेव्हाच बाईंनी ताडलं, पाणी कुठंतरी मुरतंय. तक्रारीचं पत्र देऊन तीन महिने झाले, तोवर कुणाच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. आणि आता एकदम गोडीत, "शिकाऊ डॉक्टरांना तुमच्या सूनबाईंचा अनुभव ऐकायचाय. याल का?"

"अनुभव ऐकायचाय म्हणे!" बाई सुनेला म्हणाल्या. "कसल्यातरी कागदावर सही घेतील आणि तक्रार गुंडाळतील. तू तोंड उघडू नकोस. मी आहे ना."

सून केस विंचरत होती. "चला तर खरं, आई," एवढंच म्हणाली.

बाईंनी चौतीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला होता. कुणाची पेन्सिल कुणाच्या खिशात आहे, हे त्यांना पोराच्या चालण्यावरून कळायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत शिरताच त्यांनी सगळं टिपलं. अर्धवट पुसलेला फळा. पाण्याचा जग. डोळे पुसायच्या कागदांचा नवाकोरा डबा, म्हणजे रडवायची तयारी आधीच केलेली. आणि बिस्किटं, तीसुद्धा क्रीमची! सरकारी कामात साधी बिस्किटं मिळायची मारामार. प्रकरण मोठं दिसतंय.

अर्धगोलात सहा खुर्च्या होत्या आणि तरुण डॉक्टर पाच. सुनेच्या पोटातलं बाळ गेल्याचं ज्यानं सांगितलं होतं, तो चष्मेवाला त्यांत नव्हता.

"लपवलाय त्याला," बाई सुनेच्या कानात पुटपुटल्या.

वर्ग घेणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी एक कागद पुढं सरकवला. "हे संमतीपत्र. इथं बोललेलं फक्त शिकवण्यासाठी वापरू, असं लिहिलंय. सही शेवटी करा, करावीशी वाटली तर."

वाटली तर! दारावर साड्या विकायला येणारासुद्धा आधी असंच म्हणतो.

तेवढ्यात दार उघडलं आणि चष्मेवाला आत आला. बाई ताडकन उठल्या. "हा इथं कसा? आम्हाला न सांगता?"

"मीच बोलावलंय त्यांना," सून म्हणाली. "फोनवर तसं सांगितलं होतं मी."

"आणि मला?"

"तुम्ही येऊ दिलं असतंत का, आई?"

बाई बसल्या. घरातल्या घरात फोन होतात आणि आपल्याला पत्ता नाही! दवाखान्यावर डोळा ठेवण्याच्या नादात त्यांनी सुनेकडं पाहिलंच नव्हतं.

"त्या दिवशी काय झालं, ते सांगता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नववा आठवडा होता," बाईंनी सुरुवात केली. "थोडं रक्त दिसलं म्हणून आणलं हिला. हा नुसता मशीन फिरवत राहिला..."

"एक मिनिट, बाई. मला त्यांच्याकडून ऐकायचंय."

सून डॉक्टरीणबाईंकडं वळली. मग म्हणाली, "या डॉक्टरांनी स्क्रीन स्वतःकडं वळवली. बाहेर गेले, दुसऱ्या डॉक्टरांना घेऊन आले. दोघं आकड्यांत काहीतरी बोलले. मग म्हणाले, ठोके लागत नाहीत, वाढ थांबलीय. पण माझ्याकडं बघून नाही म्हणाले. आईंकडं बघून म्हणाले."

चष्मेवाल्यानं मान खाली घातली.

"आईंनी विचारलं, कशानं झालं? यांनी सांगितलं. आईंनी विचारलं, पिशवी साफ करावी लागेल का? तेही सांगितलं. मग, पुन्हा दिवस कधी राहतील? मी तिथंच आडवी. पोटावर ते गार जेल तसंच. कुंपणावरून शेजारी बोलतात ना, तसे हे आणि आई माझ्या पोटावरून बोलत होते."

हिला कुणीतरी पढवलंय, हे बाईंच्या मनात आधी आलं. पण कोणी पढवणार? तो दुसरा डॉक्टर गेल्यावर खोलीत तिघंच तर उरले होते. तो तिसरा प्रश्न आपणच विचारला होता, हे त्यांना आत्ता, या सगळ्या पोरांसमोर आठवलं.

"तक्रारीत तर यातलं काहीच नाही," एक डॉक्टर मुलगी धीर करून म्हणाली. "त्यात आहे, तुसडेपणानं बोलले, घाई केली."

"पत्र आईंनी लिहिलं. मी सही केली."

दोन पानी पत्र, वळणदार अक्षर. रात्रभर जागून लिहिलेलं नव्हे, एका बैठकीत झरझर उतरवलेलं. 'इथं सही कर,' म्हणून बाईंनी ते सुनेपुढं धरलं होतं आणि तिनं न वाचता केली होती. बाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"त्या दिवशीचं बोलणं यांच्याशी पुन्हा एकदा करून बघायचं?" डॉक्टरीणबाईंनी सुनेला विचारलं. "नको असेल तर इथंच थांबू."

"करू," सून म्हणाली.

चष्मेवाला खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. त्या दिवशी तो उभाच होता. तो म्हणाला, "आधी एक विचारतो. सोबत कुणी हवंय, की आपण दोघांनीच बोलायचं?"

सुनेनं बाईंकडं पाहिलं. "आई, तुम्ही जरा बाहेर बसता?"

"आणि ही पाच पोरं? ती चालतात होय?"

"ती शिकायला आलीत, आई."

"मग मी काय..." बाई बोलता बोलता थांबल्या. पिशवी घेऊन त्या बाहेर आल्या.

दार बंद झालं. बाईंना बाकावर बसवेना. त्या दाराशी गेल्या. आतून त्याचा हळू आवाज आला, मग काहीच नाही. एवढा वेळ गप्प? काय चाललंय काय आत? मग सुनेचं रडू ऐकू आलं. या तीन महिन्यांत बाईंनी ते एकदाही ऐकलं नव्हतं. त्यांचा हात दाराच्या कडीवर गेला. आत कुणीही 'रडू नका' म्हणत नव्हतं, कुणी पुढच्या वेळेचं काढत नव्हतं. बाईंनी दोन्ही म्हटलं असतं. त्यांनी कडी सोडली.

त्या बाकावर बसतात न बसतात, तोच कार्यालयातला कारकून आला. "बाई, त्या तक्रारीचं साहेब विचारत होते. पुढं चालवायची, की मिटवायची?"

आलंच शेवटी पोटातलं ओठांवर! तीन महिने घोटून ठेवलेलं उत्तर बाईंच्या जिभेच्या टोकावर होतं. त्यांनी ते गिळलं.

"ती सांगेल. आत आहे."

"किती वेळ लागेल?"

"मला काय ठाऊक?"

"मग तुम्हीच सांगून टाका ना. घरातल्या मोठ्या तुम्ही."

"तेच तर झालं त्या दिवशी," बाई म्हणाल्या आणि पिशवी उचलून त्यांनी त्याला बाकावर जागा करून दिली.