मे महिन्यातली मार्तेनित्सा

एप्रिल सरला तरी रादोयच्या मनगटावर मार्तेनित्सा होतीच. बल्गेरियात एक मार्चला बांधलेला हा लाल-पांढरा दोरा पहिला करकोचा दिसला की सोडायचा आणि फुललेल्या फांदीला बांधायचा. गावातल्या आलुबुखारांवर केव्हाच दोरे लटकले होते. शाळेसमोरच्या विजेच्या खांबावर करकोचा रोज चोच वाजवत होता, म्हातारा रादोय ते ऐकतही होता. पण ऐकणं वेगळं, पाहणं वेगळं. दोन्ही डोळ्यांच्या नजरेच्या मधोमध धुकं बसलं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. न पाहता दोरा सोडायचा नाही, एवढा प्रामाणिकपणा त्याच्यात शिल्लक होता.

नेज्मीशी मात्र तो बिनदिक्कत खोटं बोलत होता.

नेज्मी त्याचा शाळेपासूनचा दोस्त. दोघांनी मिळून या मुलखातलं घरटं न् घरटं पालथं घातलं, नोंदीसाठी पिल्लांच्या पायांत कडी अडकवली. मग सरकारनं गावातल्या तुर्कांना नावं बदलायला लावली, नेज्मीचा निकोलाय करून टाकला, आणि तो चंबूगबाळं आवरून सीमेपलीकडे तुर्कस्तानात बुर्साला निघून गेला. त्या गावात पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणाला आणि शब्दाला जागला. उरला फोन. फोनवरही बोलणं फक्त करकोच्यांचं. बायकापोरं आणि दुखणीखुपणी हे विषय दोघांनाही जमत नसत. म्हणून रादोयला धास्ती होती, करकोचे संपले की फोनही संपणार. गेल्या वर्षापासून तो घरट्यांचे आणि पिल्लांचे अंदाजपंचे आकडे ठोकून देत होता.

मेमधल्या एका रविवारी सून मिल्कानं हौसेनं व्हिडिओ कॉल लावून दिला. बाबा, निदान एकमेकांची तोंडं तरी बघा, म्हणाली. रादोयला पडद्यावर नुसता डाग दिसला. तरी तो हात नाचवत सांगू लागला, खांबावरची मादी अंड्यांवर बसलीय, चर्चवरची जोडी जुनीच आहे.

"रादोय, हातात दोरा कसा अजून?" नेज्मीनं मधेच विचारलं.

रादोयनं बाही खाली ओढली. विसरलो म्हणावं, तर ते शेंबड्या पोरानंही मानलं नसतं.

"कधीपासून दिसत नाही तुला?"

मग रादोयनं सगळं सांगून टाकलं, गेल्या वर्षीचे आकडे खोटे होते हेसुद्धा. नेज्मी भडकला. तेच आकडे त्यानं आपल्या पक्षीमित्रांना छातीठोकपणे सांगितले होते. त्यानं अस्सल बल्गेरियन शिव्या हासडल्या. बुर्सात जन्म गेला तरी रागावायला त्याला हीच भाषा लागायची. मिल्का स्वयंपाकघरात सटकली. रादोयला रडू येत होतं, आणि हलकंही वाटत होतं.

"म्हणजे आता तुला फोन करायचं काही कारण उरलं नाही," तो म्हणाला.

"गाढवा, जूनमध्ये पिल्लं कोण मोजणार?"

"कोणी नाही."

"मी मोजणार."

"बुर्साहून?"

"बुर्साहून कशी दिसतील? पोराला गाडी काढायला सांगतो. खांबाखाली दोन खुर्च्या टाकून ठेव."