घोडमरीचं सोनं

हेटीने आठ हजार डॉलरचं मशीन दंडाला अडकवलं, डावीकडून उजवीकडे एकदा फिरवलं आणि लिंडनच्या टोप्यांचा स्टँड आडवा केला.

"लांब आहे," ती म्हणाली.

"दुकान अरुंद आहे," लिंडन टोप्या गोळा करता करता म्हणाला. "उघड्यावर फिरवून बघ. हातभर खोलवरचं सोनं पकडतं हे."

"आणि हातभर खणायला कोण येणार? तू?"

दाराशी उभा राहून सॉसेज रोल खाणारा डूगल तोंडातल्या घासासकट हसला. त्याला म्हातारीचं हे फार आवडायचं. डनॉलीत मशीन विकून विकून लिंडनच्या जिभेला हाड राहिलं नव्हतं, मेलबर्नहून येणाऱ्या भल्याभल्यांना तो दहा मिनिटांत गुंडाळायचा. हेटीपुढे मात्र तो टोप्या गोळा करत होता.

हेटी डूगलची सासू. म्हणजे होती. अकरा वर्षांपूर्वी डूगलची बायको शारीन क्वीन्सलँडच्या एका बोटवाल्याबरोबर निघून गेली, आणि वाटणीत डूगलला कुत्रा, एक भंगार फ्रीज आणि सासू आली. कुत्रा मेला, फ्रीज विकला. सासू राहिली. गावात लोक विचारायचे, तेव्हा डूगल सांगायचा, "वॉरंटी संपलीय, परत घेत नाहीत."

डूगल पंचावन्नचा. धंदा मैल्याच्या टाक्या उपसायचा. स्वभाव असा, की पबच्या पायरीला दोन डॉलरचं नाणं चिकटवून समोरच्या बाकावर तासभर बसायचा, कोण वाकतं ते बघत. पोस्टाच्या पेटीत रबरी साप टाकणारा तोच. हेटीच्या वाटेत बाटल्यांची बुचं पुरून ठेवणाराही तोच. ती गुडघे टेकून, घाम गाळून खणायची, बूच निघायचं, आणि मागच्या झाडाआडून हा खिंकाळायचा. हेटी ते बूच नेम धरून त्याच्या कपाळावर मारायची. तेव्हा तिचा नेमही चांगला होता आणि कानही.

कान गेले दोन हिवाळ्यांमागे. एकदम नाही. आधी किटलीची शिट्टी ऐकू येईना, मग फोनची घंटा. समोर बसून बोललं की तिला कळायचं, पण सोनं काही समोर बसून बोलत नाही. हेडफोनमध्ये सारखी एक बारीक गुणगुण चालू असते, आणि खाली सोन्याचा दाणा आला की त्या गुणगुणीला नुसता एक वळसा पडतो. डास कानाजवळून गेल्यासारखा. तो वळसा हेटीला ऐकू येईनासा झाला. चार महिने ती घोडमरीच्या माळावरून रिकाम्या हाताने परत आली. "मशीन म्हातारं झालं," म्हणाली. मग एका रविवारी चहा ओतताना म्हणाली, "माळ संपला बहुतेक. पर्थला मुलगा बोलावतोय. समुद्र दिसतो म्हणे त्याच्या बाल्कनीतून."

डूगलने त्या दिवशी चहात तीनदा साखर घातली.

पुढच्या रविवारी हेटीला सोनं मिळालं. लहानसाच दाणा, तांदळाएवढा. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी एक. डूगलची युक्ती साधी होती. त्याने स्वतः काढलेल्या सोन्याच्या बरणीतला एक दाणा खिशात घ्यायचा, तिच्या वाटेत पुढे जाऊन टाकायचा, बुटाने माती सारायची, आणि मग तिच्या मागे मागे चालत माशा हाकलत राहायचं. बुचांचीच खोडी, फक्त उलटी. दाणा अगदी वरवर असला तर मशीन ओरडून सांगतं, तेवढं म्हातारीला नक्की ऐकू येत असणार, असा त्याचा हिशोब होता. आणि तो त्याला बरोबरही वाटायचा, कारण तिचा एकही दाणा चुकला नाही. पर्थचा विषय परत निघाला नाही.

आता जुनं मशीन खरोखरच बंद पडलं होतं, आणि हेटीला नवं हवं होतं. दुकानाच्या मागे लिंडनचं चाचणीचं अंगण होतं. तिथे काही टाकणं सारणं जमणार नव्हतं.

"चल, मागे जाऊ," लिंडन म्हणालाच. "तिन्ही मशीनं फिरवून बघ. पाच ठिकाणी शिशाचे तुकडे पुरलेत. कुठे, ते मी सांगणार नाही. तूच मला सांगायचं."

"हिला कसली परीक्षा घेतोस?" डूगल म्हणाला. "तू लंगोटात होतास तेव्हापासून ही सोनं काढतेय."

"अरे, परीक्षा मशीनची!"

"मग मशीनला पेपर दे, हिला कशाला?"

"डूगल," हेटी म्हणाली, "रोल खा."

अंगण म्हणजे लाल मातीची एक पट्टी, दोन्ही बाजूंना पत्र्याचं कुंपण. हेटीने हात कपाळाशी धरून सूर्य बघितला आणि पट्टीच्या पूर्वेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. उन्हाकडे पाठ करूनच चालायचं, ही तिची अलीकडची सवय. डोळ्यांत ऊन जातं, म्हणायची. तिने हेडफोन चढवला. डूगल नेहमीसारखा तिच्या मागे दोन पावलांवर. लिंडनने कुठे काय पुरलंय ते त्याला पाठ होतं, कारण गेल्या वर्षी त्यातला एक तुकडा काढून त्याने तिथे चमचा पुरला होता.

पहिलं, ते आठ हजारवालं. हेटी सावकाश निघाली. डूगल तोंडासमोर हात हलवत माशा हाकलत होता. पहिला तुकडा जवळ आला तसा त्याने श्वास रोखला. हेटी थांबली.

"इथे."

"शाब्बास!" लिंडन म्हणाला.

दुसरा, तिसरा, चौथा. हेटी बरोबर त्या त्या जागी थांबत होती. डूगलचा जीव भांड्यात पडत चालला. म्हातारीचे कान सुधारले की काय! की आठ हजारांचं मशीन खरंच तेवढ्या लायकीचं होतं?

"डूगल, तुझी मैल्याची गाडी माझ्या फाटकासमोर का लावलीस?" लिंडनने मधेच विचारलं. "गिऱ्हाईक पळेल ना."

डूगल हात खाली घेऊन त्याच्याकडे वळला. "मोफत जाहिरात आहे तुझी. आत आणखी काय काय विकतोस ते लोकांना कळू दे."

"इथे," हेटी म्हणाली.

लिंडनने पाहिलं. "इथे? इथे तर काहीच नाही, हेटी. पाचवा पार तिकडे आहे."

हेटी जमिनीकडे बघत उभी होती, आणि तिच्या मानेवरची शीर उडताना डूगलला दिसली.

"आहे की!" डूगल ओरडला आणि ढोपरांवर बसलाच. "मीच टाकला होता मगाशी, खिळा. तुझी गंमत करायला. बघू, बघू..." त्याने दोन्ही हातांनी माती उकरली, पाठ लिंडनकडे करून. मूठ वर आली तेव्हा तिच्यात एक गंजका खिळा होता. तो त्याच्या खिशात असायचाच. खिळा, सुतळी, एक रबरी झुरळ, हे त्याच्या खिशात कायम.

"तू एक नंबरचा नालायक आहेस," लिंडन म्हणाला. पण तो हसत होता.

हेटी हसली नाही. तिने डूगलकडे बघितलं, खिळ्याकडे बघितलं, आणि हेडफोन काढून गळ्यात घेतला.

"हे जड आहे," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत दंड गळून पडेल. दुसरी दोन दाखव. चालवून नको, तोंडी सांग."

आत येऊन लिंडनने तोंडी सांगितलं. हलकं मशीन स्वस्त, छत्रीएवढं वजन, पण वीतभर खालचंच बघणार आणि लोखंडी जमिनीत वेड्यासारखं बडबडणार. मधलं मशीन मधलं. ना फार खोल, ना फार जड, जमिनीत लोखंड असलं तरी शांत राहतं.

"आणि त्याला दोन हेडफोन जोडता येतात," तो म्हणाला. "नवराबायकोंसाठी काढलंय कंपनीने. एकाने फिरवायचं, दोघांनी ऐकायचं. आमच्यात असलं मशीन आणलं तर आठवड्यात घटस्फोट होईल."

"हे दे," हेटी म्हणाली.

डूगल पुढे सरकला. "अगं, पण ते खोल जात नाही."

"मी तरी कुठे जातेय खोल?"

तिने पिशवीतून मुरंब्याची एक छोटी बरणी काढली आणि काउंटरवर ठेवली. बरणीत अर्ध्यापर्यंत सोन्याचे दाणे होते. लिंडनने तोलायच्या ताटलीत ते ओतले. छर्र असा आवाज झाला. त्याने भिंग डोळ्याला लावलं, आणि बराच वेळ लावूनच ठेवलं.

"हेटी, हे कुठलं म्हणालीस?"

"घोडमरी."

"घोडमरीचं सोनं कसं असतं? चपटं. पाण्याने घासून घासून भोपळ्याच्या बीसारखं गुळगुळीत झालेलं. हे बघ, सगळं खडबडीत. गारगोटी चिकटलीय अजून, तांबूस डाग आहेत. हे आयरिश घळीतलं सोनं आहे. एकूण एक दाणा. आयरिश घळीत तर फक्त..."

तो थांबला. आयरिश घळीत फक्त डूगल जायचा, हे सगळ्या डनॉलीला माहीत होतं. ती जागा त्याने भांडून, शिव्या देऊन, एकदा रबरी साप वापरूनही राखलेली होती.

डूगल भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. मार्च महिना. मार्चच्या एकतीसही तारखा त्याने वाचल्या. दीड वर्ष तो दाणे टाकत होता आणि एकदाही त्याच्या डोक्यात हे आलं नव्हतं. सोनं ते सोनं, एवढंच धरून चालला होता. हेटी चाळीस वर्षं घोडमरीवर चालत होती. तिने तर पहिलाच दाणा अंगठ्यावर फिरवला असेल आणि...

"असेल," हेटी शांतपणे म्हणाली. "पूर येऊन वाहून आलं असेल."

"डोंगराच्या पलीकडून? चढ चढून?"

"लिंडन, तू तोल. भूगोल नको शिकवूस."

लिंडनने तोललं. मशीनच्या किमतीला पुरलं, वर थोडे डॉलर परतही आले. हेटीने त्या पैशांत दुसरा हेडफोन घेतला.

गाडीत डूगलने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा रेडिओ लावला. हेटीच्या पायातल्या बुटांवर त्याची नजर गेली. त्यांना लाल माती लागलेली होती, अजून ओलसर. सकाळी तिला घ्यायला गेला तेव्हाही लागलेली होती. बागेत काम केलं असेल, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

"घोडमरीवर घे," ती म्हणाली. "चालतंय का बघू."

माळावर आयर्नबार्कच्या काळ्या बुंध्यांमधून ऊन तिरपं पडलं होतं. कुठेतरी मॅगपाय पक्षी गळा साफ करत होता. हेटीने उन्हाकडे पाठ केली, मशीन जोडलं, आणि दुसरा हेडफोन डूगलच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने चढवला, लहान मुलाला टोपी घालतात तसा.

तीस पावलांवर हेडफोनमध्ये मोठा, फाटका आवाज झाला.

"पत्रा आहे," डूगल म्हणाला. "सोड."

"खण."

"अगं, पत्राच आहे, मी ऐकतोय ना."

"माझे गुडघे म्हातारे झालेत. खण म्हणते ना."

त्याने खणलं. माती भुसभुशीत होती, जणू आजच कुणी उकरलेली. पेपरमिंटची एक डबी निघाली. त्याने झाकण उघडलं. आत कापसावर एकच दाणा होता, तांदळाएवढा, खडबडीत, एका बाजूला गारगोटीचा पांढरा ठिपका.

"पहिला," हेटी वरून म्हणाली. "तो विकावासा वाटला नाही."

आणि मग ती हसली. पोट धरून, झाडाला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, जसा तो इतकी वर्षं हसत आला होता. डूगल ढोपरांवर बसून राहिला. चेहऱ्याचं काय करावं ते त्याला कळेना. खोडीचा हा भाग त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होता, आणि गंमत म्हणजे बरं वाटत होतं.

तिचं हसू ओसरल्यावर तो उठला आणि तिच्या समोर, तोंड दिसेल असा उभा राहून म्हणाला, "पण तुला ऐकू येत नव्हतं ना?"

"गुणगुणसुद्धा नाही. दोन वर्षं झाली."

"मग एकही चुकला कसा नाही?"

हेटीने बोटाने जमीन दाखवली. तिच्या पायांपासून पुढे त्या दोघांच्या लांबच लांब सावल्या पडल्या होत्या.

"तुझी सावली," ती म्हणाली. "दिवसभर माशा हाकलत असते. दाणा जवळ आला की थांबते."

डूगलने सावलीकडे बघितलं. सावलीने हात वर केला आणि कान खाजवला.

"आज अंगणात मात्र फसवलंस मला," हेटी म्हणाली. "चल. त्या तिकडच्या खडकापर्यंत जाऊ, मग चहा."

ती पुढे निघाली. मशीनची तबकडी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, जमिनीला न टेकता. डूगल मागे दोन पावलांवर. डबी त्याच्या खिशात होती, खिळा आणि झुरळाच्या सोबतीला. कानात गुणगुण चालू होती. पर्थचं विचारावं असं त्याला वाटलं, मग वाटलं, राहू दे. आता काही आवाज आला तर तोंडाने सांगायचं होतं, एवढंच तर काम. तो माशा हाकलत राहिला.

खडकाच्या अलीकडे गुणगुणीला एक वळसा पडला. इतका बारीक की भास वाटावा. डूगल इथे कधीच काही टाकायला आला नव्हता. त्याने श्वास रोखला. एक माशी नाकावर बसली, दुसरी ओठावर.

तो "इथे" म्हणणारच होता. पण हेटीने मागे वळून न बघताच, बरोबर त्या जागी, बुटाची टाच रोवली होती.