मखमली खोळ आणि मी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पडदा आणि कळफलक म्हणजे मी, असा बऱ्याच लोकांचा समज असतो. खरा मी म्हणजे टेबलाखाली उभा असलेला काळा पत्र्याचा डबा. माझे वय अकरा वर्षे. आमच्यात एवढ्या वयाला आजोबाच म्हणतात.

कारखान्यात एका बाईने माझे स्क्रू आवळले, मला चार तास चालवून पाहिले आणि पाठीवर ‘ठीक’ अशी चिठ्ठी चिकटवली. मग मी या घरी आलो. मुलांनी माझ्यावर खेळ खेळले, बाबांनी अर्ज टाइप केले. पाहुणे आले की मला मुद्दाम चालू करून दाखवत. पुढे प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि माझे कौतुक आटले. गरज सरो, वैद्य मरो! चालायचेच.

यंदा बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, कायमची राहायला आली. तिची सारी हयात नाटकांचे पडदे शिवण्यात गेली. रिकाम्या हाताने बसणे तिला ठाऊक नाही, आणि भावाच्या घरी नुसते बसून खाणे तर मुळीच नाही. पहिल्याच आठवड्यात तिने उरलेल्या जाड मखमलीची खोळ शिवून मला घातली. समोर बटणापुरते भोक, बाकी सगळीकडून बंद.

“आता शिरून दाखव म्हणावं धुळीला!” ती म्हणाली.

सगळ्यांनी वाहवा केली. आत्याचा चेहरा खुलला. खोटे कशाला बोलू, मलाही मिरवायला आवडले.

पण माझ्या पोटातला पंखा गरम हवा पाठीच्या भोकांतून बाहेर टाकतो. ती भोकेच झाकली गेली. आत फार तापले की मी आपोआप बंद पडतो. जळून जाण्यापेक्षा ते बरे. एरवी कोणाचे काही अडले नसते. पण नेमकी आईची परीक्षा तोंडावर आली होती.

आई वाचनालयात हंगामी कामावर आहे, पुस्तकांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावते. ग्रंथपालाच्या अभ्यासक्रमाचा शेवटचा पेपर तिचा दोनदा राहून गेला होता. या वेळी तो घरून, माझ्यावर, कॅमेऱ्यासमोर, सलग तीन तास द्यायचा होता. मध्ये संगणक बंद पडला तर पेपर रद्द. उत्तीर्ण झाली तर नोकरी कायम. आणि मी पस्तिसाव्या मिनिटाला डोळे मिटत होतो.

“खेळ खेळून खेळून वाट लावलीत!” बाबा मुलांवर ओरडले. शेजारच्या वायरमनने प्लग बदलला. मी बंदच. शेवटी दुरुस्तीवाल्याने मला दुकानात नेले. खोळ अर्थातच घरी राहिली. त्याने मला झाडले, फुंकले, आतल्या पट्ट्या खोडरबराने घासल्या. तिथे मी दोन दिवस ठणठणीत चाललो. वैद्याच्या दारात दुखणे पळते, तशातली गत.

“याला काही झालेलं नाही. तुमच्याच घरात काहीतरी आहे,” तो म्हणाला.

घरी आल्याबरोबर आत्याने मायेने मला खोळ घातली. पस्तिसाव्या मिनिटाला मी गप्प.

“भंगारात द्या आता,” बाबा म्हणाले. मला फार वाईट वाटले.

आईने मात्र वही काढली. वाचनालयातली सवय, नोंद केल्याशिवाय तिला चैन पडत नाही. रोज सरावाला बसताना ती लिहू लागली: चालू किती वाजता, बंद किती वाजता. सोमवार, पस्तीस मिनिटे. मंगळवार, चौतीस. बुधवार, चार तास! बुधवारी असे काय होते? तिने मान वर केली. खिडकीबाहेर दोरीवर माझी खोळ वाळत होती.

आईला उलगडा झाला, पण तोंड उघडवेना. एवढ्या मायेने शिवलेली खोळ काढा, असे आत्याला कसे सांगायचे, या विचारात दोन दिवस गेले. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मात्र ती वही घेऊन आत्याजवळ बसली.

“वन्सं, रागावू नका...”

आत्याने वही वाचली. पुन्हा वाचली.

“म्हणजे मीच गुदमरवत होते की गं त्याला! चांगलं करायला गेले आणि हे असं.” तिचे डोळे भरले.

“तुम्हाला काय माहीत? आम्हालाही कुठे कळलं?”

“खोळीचं राहू दे. तुझा पेपर महत्त्वाचा.” आत्याने स्वतःच्या हाताने खोळ काढली. पाठीवर वारा लागला तेव्हा मला रडू आले असते, पण आमच्यात ती सोय नाही.

मित्रांनो, दुर्लक्षाने वस्तू बिघडतात, हे तुम्ही निबंधात लिहिताच. फार जपल्यानेही बिघडतात, हे माझ्याकडून ऐका. माया जरूर करा, पण आधी समोरच्याला काय हवे ते बघा. आम्हाला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आई पेपरला बसली. दाराआड, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा जागी, आत्या ताटकळत उभी होती. पस्तिसावे मिनिट आले आणि गेले. तीन तासांनी पेपर पाठवून आईने दार उघडले, तशी आत्या लगबगीने आत आली, खाली वाकली आणि ताप बघावा तसा माझ्या पाठीवर तळहात ठेवला.

“वन्सं, झाला पेपर! चला, चहा घेऊ.”

“तू हो पुढे,” आत्या म्हणाली. “हा अजून गरम आहे. निवला की येते.”