पोटातला पैलवान

मी सांगते ते तुम्हाला पटायचं नाही, मित्रांनो. आजवर कुणालाच पटलेलं नाही. मी एक जुनी किडनी आहे, आणि एकाच जन्मात मी दोन पोटं पाहिली आहेत. आधी बायकोचं, मग नवऱ्याचं. संसार पुष्कळांनी केले असतील, पण असा आतून संसार माझ्याशिवाय कुणी केला असेल तर त्याने पुढे यावं.

माझा जन्म कौशल्याबाईंच्या पोटातला. पाठीच्या कण्याच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला माझी जुळी बहीण. घेवड्याच्या बीसारखा आकार, मुठीएवढा देह आणि काम एकच, रक्त गाळायचं आणि घाण बाहेर काढायची. चाकणच्या कंपन्यांत मोठमोठी मशिनं आहेत म्हणतात. असतील. त्यांना देखभालीची सुट्टी मिळते, दसऱ्याला झेंडूचा हार मिळतो. मला तिन्ही शिफ्ट, आणि पूजा कधीच नाही. मी एका वर्षात गाळलेलं पाणी साठवलं असतं ना, तर पवना धरण दोनदा सांडलं असतं. खोटं वाटत असेल तर मोजून बघा.

कौशल्याबाईंच्या पोटात मी सुखात होते. त्या चिखलीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, माठातलं पाणी. पुढे शेताच्या जागी वर्कशॉपची पत्र्याची शेड उभी राहिली, घरात भाडं येऊ लागलं, पण बाईंचं खाणं बदललं नाही. त्यांचे यजमान सोपानराव मात्र बदलले. काम उरलं नाही, तसा गुडघा दुखू लागला. गुडघा दुखला की ते मेडिकलमधून दुखणं मारायच्या गोळ्या आणत आणि फुटाण्यासारख्या खात. रक्तदाब वाढलेला, त्याची गोळी मात्र कडू लागायची! या लाडांनी त्यांच्या स्वतःच्या दोन्ही किडन्या वाळून खारकेसारख्या झाल्या आणि सोपानराव एक दिवसाआड डायलिसिसच्या खुर्चीला बांधले गेले.

मुलगा प्रीतम किडनी द्यायला तयार होता, पण तपासणीत त्यालाच साखर निघाली. मग कौशल्याबाई म्हणाल्या, "माझी बघा की. इतकी वर्षं ह्यांचं सगळं मीच करतीय. आता हे एक करायचं राहिलंय."

डॉक्टर रुपालीताईंनी सोपानरावांना समोर बसवून सगळं समजावलं. "काका, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आला असता, तर साठी ओलांडली म्हणून आम्हीच का-कू केलं असतं. तेव्हा वयस्कर माणसात किडनी फार टिकायची नाही, किंवा किडनी टिकायची आणि माणूस जायचा. आता औषधं सुधारली, निवड सुधारली. सत्तरीतली माणसंसुद्धा नव्या किडनीवर चांगली चालतात. पण गोळ्या सकाळ-संध्याकाळ, ठरल्या वेळेला. आयुष्यभर."

"एवढंच ना?" सोपानराव म्हणाले.

एवढंच! मित्रांनो, या शब्दाची मला तेव्हापासून शिसारी आहे.

ऑपरेशनच्या दिवशी बहिणीचा निरोप घेतला. आता तिला एकटीला दोघींचं काम करायचं होतं, आणि ती आजही करते आहे. मला बर्फात ठेवून शेजारच्या खोलीत नेलं. लोक म्हणतात, डॉक्टरांनी मला बसवलं. मी म्हणते, मी स्वतःच उडी मारली. ते जाऊ द्या. सोपानरावांच्या ओटीपोटात, उजव्या अंगाला माझी जागा झाली. जुन्या किडन्या काढत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक नसेल. त्या वर तशाच राहतात. थोरली आणि धाकटी, निवृत्त झालेल्या कामगारांसारख्या, दिवसभर माझ्या कामाला नावं ठेवत. धाकटी पेंगते. थोरली बोलते.

पहिल्याच दिवशी मी धार सोडली, तर सोपानराव लहान मुलासारखे रडले. चेहऱ्यावरची सूज उतरली. डायलिसिसची खुर्ची सुटली. महिनाभर माझं काय कौतुक झालं! आणि मग ते देवळाच्या पारावर जाऊन बसले.

तिथे त्यांचा भावकीतला जयसिंग होता. त्याने विचारलं, "काय राव, कुणाची बसवली म्हनायची?"

आता खरं बोलायला काय हरकत होती? पण सोपानराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "एका पैलवानाची. अपघातात गेला बिचारा. बावीस वर्षांचं पोरगं."

"तरीच! तोंडावर तेज आलंय, भावा. मला वाटलं, वहिनीची बसवली का काय. म्हंजे आता भांडी घासायला लागतोय."

पार हसला. सोपानरावही हसले. मी ओटीपोटात बसून ते हसणं ऐकलं, आणि मला जी किळस आली ती आजवर गेलेली नाही. तुम्हाला वाटत असेल, किडनीला किळस लघवीची येत असेल. छे! लघवी तर माझी कमाई आहे. किळस येते ती मी गाळू शकत नाही अशा घाणीची. घरी येऊन ते कौशल्याबाईंना म्हणाले, "तू कुनाला काय सांगू नगंस. कुनी विचारलं तर तुझं पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन झालं म्हन."

बाई भाकरी थापत होत्या. "बरं," म्हणाल्या. शी! तो "बरं" ऐकून मला ओकारी आली असती, पण ती सोय माझ्याकडे नाही.

एका खोट्याला दुसरं लागतंच. पैलवानाच्या किडनीला गोळ्या कशाला लागतील? म्हणून सोपानराव गोळ्या लपून घेऊ लागले. त्या कशासाठी असतात, ते तुम्हाला सांगते. प्रत्येकाच्या रक्तात पहारेकरी असतात. परकं कुणी दिसलं की ते लाठ्या घेऊन धावतात. मी त्यांच्या दृष्टीने परकीच! गोळ्या त्यांना गुंगीत ठेवतात. म्हातारपणी हे पहारेकरी जरा मवाळ होतात, म्हणून वयस्कर पोटात माझ्यासारखीचा निभाव लागतो. पण मवाळ झाले तरी ते मेलेले नसतात. शिवाय गुंगीतला पहारा बाहेरच्या जंतूंनाही अडवत नाही, म्हणून उघड्यावरचं खाणं नको, गर्दीत तोंड झाकायचं. सोपानराव तोंड झाकतील? पैलवानवाला माणूस?

गेल्या वर्षी गावची जत्रा आली. जत्रेला बैलगाडा शर्यत, आणि सोपानरावांचे बैल घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या, चढावर पळणार होते. घर पाहुण्यांनी भरलं. सकाळी गोळीची वेळ झाली, तशा कौशल्याबाई वाटीत गोळ्या ठेवून, त्यावर गुळाचा खडा झाकून आल्या. कुणाला कळू नये म्हणून! समोर व्याही बसलेले. सोपानरावांनी हातानेच खुणावलं, "नंतर."

संध्याकाळी पुन्हा वाटी. पुन्हा, "नंतर. मान्सं बसलीत."

दुसऱ्या दिवशीही तेच. त्यात मटणाचा रस्सा, चैत्रातलं ऊन, आणि पाणी घोटभर. आत पहारेकऱ्यांनी डोळे चोळले. एकाने मला निरखून पाहिलं आणि विचारलं, "ही कोन? ही आपल्यातली न्हाई." मग मार सुरू झाला. मी फुगले, तापले, धार बारीक झाली. खरं सांगते, त्यातल्या शंभरेक जणांना मी एकटीने लोळवलं, पण ते लाखांनी होते. सोपानरावांचे पाय इतके सुजले, की तिसऱ्या दिवशी त्यांच्या पायात कोल्हापुरी शिरेना. ते प्रीतमची रबरी स्लिपर घालून शर्यतीला गेले. प्रीतम म्हणाला, "दादा, दवाखान्यात जाऊ." ते म्हणाले, "आधी आपल्या बैलांची बारी होऊ दे."

घाटाशेजारी मंच होता. त्या मंचावर बाई चढत नाही, अशी गावची रीत. बायका लांब लिंबाखाली बसतात. माइकवर नवनाथ होता. गावच्या प्रत्येक शर्यतीत तोच पुकारा करतो. सोपानरावांना बघून त्याला चेव आला. "या मालक, या! पोटात पैलवान, दावणीला पैलवान! अशी जोडी पंचक्रोशीत न्हाई!" घाटभर शिट्ट्या वाजल्या. सोपानराव खुर्चीवर बसून हात हलवत होते आणि आत मी मरत होते. मी मेले असते तर पुन्हा ती डायलिसिसची खुर्ची, आणि या वयात दुसऱ्यांदा किडनी कोण देणार? कौशल्याबाईंकडे तरी आता एकच उरली होती.

तेव्हा मित्रांनो, मी कमाल केली. मी होता नव्हता तेवढा जोर एकवटला आणि पोटातून अशी ओरडले, की माइक नसताना सगळ्या घाटावर ऐकू गेलं. बैल थबकले. जयसिंगच्या हातातला फेटा गळून पडला. मी म्हणाले, "सोपानराव, तुमच्या पोटात पैलवान नाही, कौशल्याबाई आहे! आता गोळी घ्या!"

सोपानरावांनी मान खाली घातली आणि सगळ्यांसमोर गोळी घेतली. बारी न बघता प्रीतमने त्यांना गाडीत घातलं आणि पिंपरीच्या दवाखान्यात नेलं. रुपालीताईंनी सलाइनमधून जबरी औषध सोडलं, तेव्हा पहारेकरी पुन्हा पेंगले. मी वाचले. पण माझा एक भाग कायमचा कडक झाला, तो आता परत यायचा नाही. "काका, किडनीनं साथ सोडली नव्हती," रुपालीताई म्हणाल्या, "तुम्ही सोडली होती." सोपानराव भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

आता पारावर त्यांच्या मोबाइलचा गजर वाजतो, तेव्हा जयसिंगच म्हणतो, "राव, वहिनीची वेळ झाली." सोपानराव खिशातून डबी काढतात. कुणी हसत नाही. जे पूर्वी हसले होते त्यांची मला अजून किळस येते, ती येऊ द्या.

तर मित्रांनो, तुमच्या घरी एखाद्या आजोबांना, आजीला दुसऱ्याची किडनी बसवली असेल, तर गोळीची वेळ त्यांना विसरू देऊ नका. पाणी द्या. मनाने आणलेली दुखण्याची गोळी हातातून काढून घ्या. आम्ही जुन्या असलो तरी पुष्कळ वर्षं चालतो, फक्त चालवणाऱ्याला लाज वाटता कामा नये. आणि वेळ आलीच, तर माझ्यासारखं धाडस करा. मी कशी भर घाटात आवाज दिला—

"गप ए!" वरून थोरली कडाडली. "पोरांम्होरं किती खोटं बोलशील? तुला तोंड हाय व्हय? आमी बी त्याच पोटात हुतो की. तू निस्ती कन्हत हुतीस. वरडली ती कौशल्या! लिंबाखालनं उठली, समद्या बाप्यांतनं वाट काढत मंचावर चढली, नवनाथच्या हातातला माइक घेतला. ते बोलनं तिचं हाय. सोपान्यानं तिची किडनी पैलवानाच्या नावावर केली, आन् आता तू तिचा आवाज सोताच्या नावावर करतीस व्हय गं?"