अनोळखी पावडर दिसल्यास

हिमानीला लॅबची सेफ्टी इनचार्ज केलं, त्या दिवसापासून तिच्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो काही उतरला नाही.

झालं असं, की ऑगस्टमध्ये त्यांच्या अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीची तपासणी आली आणि त्यांच्या लॅबला सतरा शेरे देऊन गेली. बाटल्यांवर नावं नाहीत. तापलेल्या भट्टीवर खूण नाही. व्हॅक्यूम पंपाचं मॅन्युअल तर दार उघडं राहावं म्हणून दारात अडकवलेलं! प्रोफने समोर बसलेल्या सहा विद्यार्थ्यांकडे पाहिलं. पाच जणांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं, आणि ही बाई तेवढी वेड्यासारखी वर बघत राहिली. झालं, काम गळ्यात पडलं.

गळ्यात पडलेलं काम नीट करायची तिला खोड. दोन आठवडे ती मॅन्युअलं घेऊन बसली. पिवळा त्रिकोण म्हणजे सांभाळून, त्यात विजेचा बाण असेल तर शॉक, तीन नागमोडी रेघा असतील तर भाजेल. लाल वर्तुळावर तिरकी रेघ म्हणजे करू नका. निळ्या वर्तुळात काही दिसलं तर ते कराच, चष्मा दिसला तर चष्मा घाला, हातमोजा दिसला तर हातमोजा. सगळं पाठ करून तिने लॅबभर स्टिकर लावले, बाटली न बाटली नावानिशी मांडली, आणि एका शुक्रवारी सगळ्यांना पिझ्झा खायला घालून अर्धा तास समजावून सांगितलं. लोकांनी पिझ्झा खाल्ला. सोमवारी संग्रामने आपलं जॅकेट नेमकं भट्टीच्या त्या तीन रेघांवर टांगलं.

"संग्राम, अरे डोळे आहेत का तुला? गरम आहे लिहिलंय ना तिथे!"

"लिहिलं कुठे यार, तीन गांडुळं काढलीयेत," तो म्हणाला. हा कोल्हापूरचा, तिच्याहून दोन वर्षं सीनियर, आणि मनाने तसा सोन्यासारखा. पण जिभेला हाड नाही. "आणि मी इथे चार वर्षं काम करतोय. मला भट्टी गरम असते हे माहितीये. चित्रं बघून शिकायला मी काय बालवाडीत आहे?"

तिचा संताप संताप व्हायचा. चष्मा घाल म्हटलं तर घाम येतो. बाटलीवर नाव लिही म्हटलं तर "मला माहितीये ना आत काय आहे." सगळ्यांना सगळं माहीत! तिला नाव पडलं 'स्टिकर मॅडम'. कोणीतरी कॉफीच्या साखरेच्या डब्याला कवटीचं स्टिकर लावून ठेवलं आणि आठवडाभर त्यावर हसत बसले.

त्यात ऑक्टोबर उजाडला, २००१चा. टपालाच्या पाकिटांतून अँथ्रॅक्सची पांढरी पावडर यायला लागली, माणसं मेली, आणि अख्खा देश पिठाच्या कणालाही बिचकायला लागला. वरून फतवा आला की प्रत्येक लॅबने दारावर सूचना लावावी. हिमानीने ती रात्रंदिवस खपून केली. वर पिवळा त्रिकोण, खाली चित्रं: पावडर, तिच्याकडे जाणारा हात आणि त्यावर लाल रेघ, मग दाराबाहेर पडणारा माणूस, मग टेलिफोन. अनोळखी पावडर दिसल्यास हात लावू नका, बाहेर या, फोन करा. ती दारावर चिकटवली आणि दोन दिवसांत तिच्यावर कोणीतरी व्हॉलीबॉलच्या मॅचची जाहिरात चिकटवली. तिने ती ओरबाडून काढली.

एवढं असूनही ती गप्प सोसत होती, कारण तिचा सगळा जीव भट्टीत होता. अगदी अक्षरशः. क्वार्ट्झच्या नळीत, नऊशे डिग्रीवर, तिचा स्फटिक वाढत होता, एकवीस दिवस वाढायचा होता. याआधीचे दोन बिघडले होते. हा तिसरा नीट निघाला, तर थीसिसचं शेवटचं प्रकरण पुरं होणार, डिसेंबरात डिफेन्स, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, होणार आणि जानेवारीत शेजारच्या चँडलर गावातल्या चिप कंपनीत ती रुजू होणार. कंपनीने स्पष्ट कळवलं होतं: जानेवारीत आलात तर जागा तुमची, नाही तर भरती बंद. चहूकडे लोकांना नोकरीवरून काढत होते, तिथे तिच्यासाठी कोण थांबणार? आणि हे प्रकरण असं नाजूक, की शेवटी भट्टी घड्याळ लावून हळूहळू निववायची. मध्येच वीज गेली आणि नळी एकदम गार पडली की स्फटिक तडकलाच.

एकोणिसाव्या दिवशी खंडेनवमी आली.

आदल्या संध्याकाळी आईचा फोन. हिमानीच्या बाबांचं चिंचवडला छोटं वर्कशॉप, दोन लेथ आणि एक ड्रिल. खंडेनवमीला ती मशीनं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घालून बसलेली हिमानीने जन्मापासून पाहिलेली. त्यांच्या घरात हत्यार म्हणजे पोटाला घालणारं दैवत. "तुझ्या भट्टीला दोन बोटं लाव गं," आई म्हणाली, "एवढी राबतेय ती तुझ्यासाठी." हिमानी काही फार देवदेव करणारी नव्हती, पण दोन स्फटिक गमावून बसलेली पोर नाही कशाला म्हणेल?

सकाळी सातला लॅबमध्ये कोणी नव्हतं. भट्टीच्या टेबलाच्या लोखंडी पायाला तिने हळदकुंकू लावलं, म्हणजे गरम भागाला हात लागायला नको, तेवढी सेफ्टी पाळलीच. समोर फरशीवर आईने पाठवलेल्या रांगोळीचं छोटंसं कमळ काढलं. वाटीत साखर ठेवली, हात जोडले. "सांभाळ बाई," म्हणाली. मग घड्याळ बघितलं तर पावणेआठ! आठला तिला पहिल्या वर्षाच्या मुलांचं प्रॅक्टिकल घ्यायचं होतं. देवाची रांगोळी लगेच झाडायची कशी? दुपारी पुसू, असं म्हणून ती पळाली. रांगोळीची स्टीलची डबी टेबलावर उघडीच राहिली.

आता बघा, हीच ती बाई, जिने मिठाच्या पाण्याच्या बाटलीलासुद्धा नाव, तारीख आणि सही लावली होती. पण रांगोळी ही पावडर आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. रांगोळी ती रांगोळी! तिला कोणी लेबल लावतं का?

नऊला पाच मिनिटं कमी असताना इमारतीचा भोंगा झाला. सगळे पार्किंग लॉटमध्ये. ऑक्टोबर असून सकाळी नऊलाच ऊन टोचणारं. पाठोपाठ फायर ब्रिगेड आली, मग पोलीस, मग पांढरे फुगीर सूट घातलेली माणसं. हिमानी आपल्या प्रॅक्टिकलच्या मुलांची डोकी मोजत होती, तेवढ्यात शेजारी कोणीतरी म्हणालं, "तिसऱ्या मजल्यावर भट्टीपाशी पांढरी पावडर सापडली. मशीनवर लाल-पिवळे डाग पण आहेत म्हणे."

हिमानीची मोजणी तिथेच तुटली.

सफाईवाल्या बाई जरा दूर, पोलिसाच्या गाडीपाशी उभ्या होत्या. मेक्सिकोच्या, पन्नाशीच्या, इंग्रजी बेताचं. त्या हातवारे करून सांगत होत्या: दारावर चित्र आहे, पावडर, हात नाही, बाहेर, फोन. म्हणून मी हात नाही लावला, बाहेर आले, फोन केला. अख्ख्या इमारतीत हिमानीची सूचना एका माणसाने वाचली होती. आणि त्या माउलीने ती शब्दशः पाळली होती. हिमानीला हसावं की रडावं कळेना. खरं तर तिला किंचाळावंसं वाटत होतं.

ती पुढे निघाली, तोच संग्रामने तिचा दंड धरला. "कुठे?"

"अरे, ती माझी रांगोळी आहे!"

"हळू बोल!" त्याने आजूबाजूला पाहिलं. "वेडी आहेस का तू? गेल्या महिन्यात ते टॉवर पडल्यापासून लोक आपल्याकडे कसे बघतात, दिसत नाही तुला? फॉरेनर मुलगी, लॅबमध्ये पांढरी पावडर टाकली. पोलीस, एफबीआय, व्हिसा, सगळं निघेल. तुझा पासपोर्ट ठेवून घेतील, मग बस कंपनीच्या नावाने रडत."

"पण सांगितलं तर संपेल ना!"

"न सांगता पण संपेल. टेस्ट करतील, दगडाची भुकटी निघेल, जातील घरी. तासाभराचा प्रश्न आहे यार. तू फक्त तोंड बंद ठेव."

आणि ती थांबली. हे मात्र खरं सांगायला हवं, संग्रामने धरलं म्हणून नाही, त्याने तर दंड केव्हाच सोडला होता. ती घाबरली म्हणून थांबली. समोर पोलीस उभा होता, कमरेला पिस्तूल लावलेला. पाच मिनिटं गेली. दहा गेली. भट्टी चालू आहे ना, तेवढं बस, असं ती मनाशी घोकत राहिली. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत पांढरे सूट हलत होते आणि ती उन्हात उभी राहून एका मुलाला प्रॅक्टिकलचे मार्क समजावून सांगत होती.

साडेनऊला इमारतीचा मेंटेनन्सवाला किल्ल्यांचा जुडगा वाजवत आला आणि प्रोफला म्हणाला, "हवेचे पंखे सगळे बंद करायला सांगितलंय, पावडर पसरू नये म्हणून. पंखे आणि मजल्याची वीज एकाच लाईनवर आहे. तिसरा मजला पूर्ण जाईल."

प्रोफने वळून हिमानीकडे पाहिलं. भट्टीचं त्याच्या लक्षात होतं.

मग कसला पोलीस आणि कसला व्हिसा! पिवळी पट्टी ओलांडून ती धावली. "थांबा! ती माझी पावडर आहे! पूजेची आहे, दगडाची भुकटी आहे, वीज बंद करू नका, प्लीज!"

फायर ब्रिगेडचा अधिकारी पांढऱ्या मिशांचा, शांत माणूस होता. त्याने तिला गाडीच्या सावलीत उभं केलं, पाण्याची बाटली दिली आणि वही काढली. नाव काय, पावडर कशाची, कुठून आली, किती होती. ती एका दमात सांगत गेली. मग त्याने विचारलं, "डबीवर काय लिहिलंय?"

"काही नाही."

"मॅडम, माझा तुमच्यावर विश्वास आहे," तो म्हणाला. "पण माझी चार माणसं आत आहेत. लेबल नसलेली पावडर मी कोणाच्या शब्दावर सोडू शकत नाही. तपासणी सुरू झालीये, आता ती पुरी होईल."

"मग निदान वीज तरी..."

त्याने खांद्यावरच्या वायरलेसवर काहीतरी विचारलं. उत्तर आलं. तिला ते नीट ऐकू आलं नाही, पण वर बघितलं तर तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांतले सगळे दिवे गेलेले.

तिला कोणी पकडून नेलं नाही. पासपोर्ट सोडा, ओळखपत्रसुद्धा कोणी मागितलं नाही. दीड तासाने निकाल आला: दगडाची भुकटी. अधिकारी स्वतः तिच्याकडे आला. बोलण्यात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "मॅडम, पुढच्या वेळी लगेच सांगा," तो म्हणाला. "आम्ही आत शिरायच्या आधी कळलं असतं, तर एक माणूस जाऊन ती डबी घेऊन आला असता. पंखे बंद करायची वेळच आली नसती."

संग्राम मागेच उभा होता. "पण बघ, कागदोपत्री काही झालं नाही ना?" तो चाचरत म्हणाला. "मी तुझ्या भल्यासाठीच म्हणत होतो, हिमानी."

"माहितीये रे," ती म्हणाली. त्याच्यावर भडकायला तिला आवडलं असतं. शब्द जिभेवर आलेही, पण पाय तर तिचेच जमिनीला चिकटले होते, त्याला काय बोलणार?

संध्याकाळी मजल्याची वीज परत आल्यावर ती वर गेली. फरशी कसल्याशा औषधाने पुसलेली, कमळ नाही, हळदकुंकू नाही, साखरेची वाटी नाही, डबी नाही. भट्टीचा आकडा बावन्नवर आलेला. सकाळी तिथे नऊशे होते. तिने हातमोजे घातले, चष्मा घातला, नळी बाहेर काढली आणि खिडकीशी नेली. स्फटिक सुंदर वाढला होता. अंगठ्याच्या नखाएवढा, काळा, चकचकीत. आणि मधून आरपार तडा गेलेला. नळी जराशी तिरकी केली तसे दोन तुकडे खुळकन वेगळे झाले.

प्रोफ दारात येऊन उभा राहिला. त्याला नळीतले दोन तुकडे दिसले. नवा स्फटिक लावायचा म्हणजे पुन्हा एकवीस दिवस, मग मोजमापं, मग लिखाण. डिसेंबर गेला, हे दोघांनाही बोटं न मोजता कळत होतं.

"सोमवारी पुन्हा लावू," तो म्हणाला. मग अगदी सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "ती पावडर तुझी आहे, हे तुला कधी कळलं?"

मेंटेनन्सवाल्याच्या किल्ल्या वाजल्या तेव्हा, असं सांगता आलं असतं. त्याला खरंही वाटलं असतं.

"पहिल्याच मिनिटाला," हिमानी म्हणाली.