सूर्याचा पेला

"बाबा, अंगठा काढा!" मी ओरडले, पण उशीर झाला होता. सूर्य समुद्रातून अर्धा वर आला होता आणि बाबांचा अंगठा जलघड्याच्या भोकावर घट्ट बसलेला.

आकाश मोजणाऱ्या थेरोनने कपाळावर हात मारला. सूर्याची कड दिसली की पाणी पेल्यात सोडायचं, अख्खा सूर्य वर आला की पेला काढून एकामागून एक रांजण लावायचे, थेट दुसऱ्या सूर्योदयापर्यंत. पेला आणि रांजण ताडून पाहिले की सूर्याने आकाशाचा केवढा तुकडा व्यापलाय ते कळणार होतं.

बाबांनी लिंडोसच्या न्यायसभेत घड्यावर जन्म काढला. तिथे बोलणाऱ्याची वेळ पाण्यावर मोजतात. साक्ष चालू असताना मात्र भोक बंद. आज सूर्याची पूजा करायला आलेला पुजारी हात उंचावून म्हणाला, "हे सूर्यदेवा, तूच साक्षी!" आणि बाबांचा अंगठा आपोआप गेला. जित्याची खोड!

"मिक्कोसकाका, उद्या माझा भाचा बसेल," थेरोन म्हणाला. "तुम्ही आराम करा."

डोळे गेले म्हणून न्यायसभेनेही हेच सांगितलं होतं. बाबांनी घरी अंजिरालाही हात लावला नाही. मला राहवेना, मी परत थेरोनकडे गेले.

"सूर्य उद्याही उगवणारच आहे ना? मग म्हाताऱ्याला एक संधी दे. तुझा भाचा सूर्याकडे बघत बसेल आणि घडा विसरेल."

"आणि पुजारी?"

"त्याच्या तोंडात तिळाची वडी कोंबते!"

थेरोन हसला. "बरं, निको. पण उद्याच फक्त."

दुसऱ्या पहाटे मी वडी दिली. पुजाऱ्याने ती गिळली आणि ओरडला, "हे सूर्यदेवा, तूच साक्षी!" बाबांचा अंगठा भोकाकडे गेला. त्यांनी तो मुठीत दाबून धरला. पाणी पडतच राहिलं.

त्यापुढच्या सकाळी रांजण मोजून झाले.

"किती मोठा निघाला?" बाबांनी विचारलं.

"दिसायला थाळीएवढा. पण तो फार लांब आहे, ते अंतर मी चंद्रावरून काढलंय, काका. त्या हिशेबाने तो आपल्या पृथ्वीहून कितीतरी मोठा."

"देवा!" पुजारी म्हणाला.

बाबा पेला चाचपत होते. "एवढा मोठा? आणि उगवताना एवढंच पाणी?"

"मोजून झालंय, ओतून टाका आता," थेरोन म्हणाला.

बाबांनी ओतलं नाही. आमच्या दारच्या अंजिराला घालायचं म्हणाले. रोज घरी जाताना खडकाळ उतारावर ते माझा हात धरत. आज दोन्ही हातांत पेला होता. पायाने दगड चाचपत ते उतरत होते, माझ्या पुढे.